भीमेच्या पट्टीवरचे अकरा दिवस

दस्तगीरचाचा, तुम्ही गेलात हे मला टपालातून कळलं. तेही कुणी पत्र लिहिलं म्हणून नव्हे. नदीच्या पातळीचा आठवड्याचा तक्ता नेहमीसारखा बुधवारी सोलापूरच्या आमच्या कचेरीत आला आणि मी पाकीट फोडलं. पहिल्या चार दिवसांचे आकडे तुमच्या हातचे होते. तुमचा तो उजवीकडे कललेला सात आणि पोट सुटलेला पाच मी कुठेही ओळखेन. पाचव्या दिवशी तिन्ही रकाने रिकामे. सहाव्या दिवसापासून अक्षर दुसऱ्याचं, आणि शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ : ‘वाचक मयत झाल्याने एक दिवस नोंद नाही.’ ती ओळ मी दोनदा वाचली आणि सवयीने उचललेली लाल पेन्सिल खाली ठेवली.

हे कुणा तिऱ्हाइताच्या हाती पडलं तर त्याला कळावं म्हणून दोन शब्द सांगून टाकतो, रागावू नका. मंगळवेढ्याकडच्या तुमच्या गावात भीमेच्या घाटाला एक पट्टी ठोकलेली आहे, पांढरी, काळ्या खुणांची. सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा वाजता पाणी तिच्या कितव्या खुणेला टेकलं ते वाचून लिहायचं, हे तुमचं, म्हणजे ‘वाचका’चं काम. आणि तुम्ही लिहिलेलं खरं की खोटं हे सोलापुरात पंख्याखाली बसून ठरवायचं, हे माझं. अशी कामाची वाटणी कुणी केली देव जाणे. तुम्ही तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. कुरकुर करायची सवय मला आहे, तुम्हाला नव्हती.

आपली पहिली भेट जूनअखेरची. मला नोकरीला लागून जेमतेम महिना झाला होता. मी विणकराच्या घरातला, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि नदी ही वस्तू पुस्तकात जास्त पाहिलेली. त्या दिवशी आभाळ कोरडं ठणठणीत होतं. रानात ढेकळं तशीच पडलेली. एसटीतून उतरेपर्यंत माझ्या डोक्यावर धुळीचा थर बसला होता. घाटावर येऊन पाहतो तर नदी चढत होती! माझ्या डोळ्यांदेखत पट्टीवरची एक खूण पाण्याखाली गेली. पाऊस नाही, ढग नाही, आणि हे काय चाललंय मला कळेना. तुम्ही पायरीवर बसून बिडी ओढत होता. मला पाहून ती विझवलीत आणि उठून उभे राहिलात.

“सायब, ह्यो पाऊस हितला न्हाय,” तुम्ही मावळतीकडे हात करून म्हणालात. “त्या तिकडं, डोंगरात पडलाय. परवाच पडून गेला. त्याचं पानी आत्ता पोचतंय.”

“परवाच कशावरून?”

“मंगळवेढ्याच्या बाजारात पुन्याच्या गाडीचा कंडक्टर गावला हुता. म्हनला, घाटाकडं लई लागलाय. मी लिवून ठिवलंय की.”

आणि तुम्ही वही उलटी करून मागची पानं मला दाखवलीत. एका बाजूला वार आणि कंडक्टर काय म्हणाला ते, दुसऱ्या बाजूला नदी कधी चढली ते. दोन पावसाळ्यांचा पसारा होता. कचेरीने असं काही कधी मागितलेलं नव्हतं. मी विचारलं, हे कुणी सांगितलं लिहायला? तुम्ही जरा ओशाळलात. “कुनी न्हाय. आपलं बगावं म्हटलं, किती दिसांनी येतंय.” बहुतेक वेळा तिसऱ्या दिवशी यायचं. कधी दुसऱ्याच दिवशी. मग तो दुसरा दिवस का, यावर आपण एसटीची शेवटची गाडी सुटायची वेळ होईपर्यंत बोलत बसलो. मला कॉलेजात जलविज्ञान शिकवणाऱ्या मास्तरांची मनापासून कीव आली, कारण त्यांनी हे सगळं शिकवलं होतं आणि मला त्यातलं काहीएक कळलं नव्हतं.

मग तो पितळेचा तांब्या. पुराच्या दिवसांत तुम्ही तांब्याभर पाणी काढून पायरीवर ठेवायचात, गाळ बसायला किती वेळ लागतो ते पाहायचात, आणि वरचं पाणी ओतून देऊन तळाचा गाळ दोन बोटांत चोळायचात. चोळून झालं की जाहीर करायचात. “आज नीरेचं हाय.” “ह्ये घोडनदीचं.” “ह्ये आपल्या मानगंगंचं, वळवाचं. उद्याला जाईल.” नीरा आपल्याला नरसिंगपुराजवळ मिळते, माण त्याच्याही खाली, घोडनदी तर पार वर पुण्याच्या अंगाला. तुम्ही यातलं एकही ठिकाण पाहिलेलं नव्हतं. तुमचा सगळा प्रवास मंगळवेढा आणि फार तर सोलापूर. मला वाटलं, म्हातारा बाता मारतोय.

खरं सांगायचं तर मी तुमची परीक्षा घ्यायला निघालो होतो. एका पावसाळ्यात तुमच्याकडून सात बाटल्या भरून घेतल्या. तुम्ही प्रत्येकीला दोरा बांधून कुठलं पाणी ते चिठ्ठीवर लिहून दिलंत. त्या बाटल्या मी कचेरीच्या खिडकीत ओळीने मांडल्या, तेव्हा साऱ्यांनी माझी यथेच्छ टर उडवली. एकाने तर तीर्थ म्हणून हात पुढे केला. पण आठवडाभराने गाळ बसला आणि हसणारेच वाकून बघायला लागले. एक तांबूस, एक काळपट, एक राखेसारखा बारीक. सगळे वेगळे. आता तुम्ही सांगितलेली नावं बरोबर होती का, हे कसं तपासणार? त्यासाठी कुणीतरी वर जाऊन प्रत्येक नदीचा गाळ आणायला हवा होता. मी आणीन म्हणालो होतो. आणला नाही. तुम्ही ते कशावरून ओळखत होता हे मला अजून माहीत नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नाही, याचा मला खरंच फार राग येतो.

लग्न झाल्यावर मी बायकोला घेऊन भीमाशंकरला गेलो. परत आल्यावर तुम्हाला सांगायला धावलो की जिथून ही निघते तिथे एवढंसं कुंड आहे, झाडीत लपलेलं, पलीकडे कोकणाचा कडा. तुम्ही तोंडाचा आ करून ऐकत होता. पाणी किती गार, झाडं कुठली, दगड काळा की तांबडा, उन्हाळ्यात आटतं का, सगळं विचारून झालं. चाचींनी भाकरी आणि शेंगाची चटणी आणून ठेवली तरी तुमचं लक्ष नव्हतं. शेवटी तुम्ही विचारलंत :

“तितं पट्टी हाय का?”

“नाही बुवा. तिथे कशाला पट्टी?”

“मग तितनं किती निगतं ह्ये कुनालाच ठावं न्हाय?” तुम्हाला खरोखर वाईट वाटलं होतं.

आपलं भांडण म्हणावं असं एकच, शून्याचं. दुष्काळाच्या वर्षी नदी तुटली. डबकी उरली, तीही पट्टीपासून लांब. तुम्ही रोज तिन्ही वेळा घाट उतरून जात होता आणि तिन्ही रकान्यांत लिहीत होता, ‘पाणी नाही’. मी कळवलं, शून्य लिहा. तुम्ही पुन्हा ‘पाणी नाही’. मी चिडून स्वतः आलो.

“सायब, शून्य म्हंजी पानी पट्टीच्या बुडाला टेकलंय,” तुम्ही शांतपणे म्हणालात. “हितं पट्टीच्या बुडाला कुत्रं निजलंय. बगा की.”

खरंच निजलं होतं. मी म्हणालो, तक्त्यात आकडा लागतो, शब्द चालत नाही. तुम्ही म्हणालात, मग तक्ता चुकीचा हाय. मी म्हणालो, तक्ता वरून येतो. तुम्ही म्हणालात, नदी बी वरूनच येती. यावर मी हात टेकले. त्या उन्हाळ्यात माणसं खडी फोडायला जात होती आणि आपण दोघे कोरड्या पात्रात उभे राहून शून्य म्हणजे काय यावर तावातावाने बोलत होतो. पण तुमचं म्हणणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. गेल्या महिन्यात नव्या तक्त्याचा मसुदा माझ्याकडे आला, त्यात मी ‘कोरडी’ असा वेगळा रकाना सुचवलाय. मान्य होईलसं वाटत नाही.

मग टेंभुर्णीच्या पुढे धरणाची भिंत उठायला लागली. गावात कुणी कालव्याच्या पाण्याची स्वप्नं पाहत होतं, कुणी वरच्या बुडणाऱ्या गावांतल्या सोयऱ्यांसाठी हळहळत होतं. तुमची चौकशी वेगळीच. धरणात पाणी थांबलं की गाळ वरच बसणार ना? मग खाली येणारं पाणी नितळ असणार. मग तांब्यात पाहून काय कळणार? “समदं पानी एकाच रंगाचं आलं तर वळखायचं कशावरनं, सायब?” मी म्हणालो, नीरा धरणाच्या खाली मिळते, तिचा गाळ तर येईल. तुमचा चेहरा उजळला. “व्हय की! नीरा ऱ्हाईल.” आणि लगेच दुसरा प्रश्न : पाऊस डोंगरात पडला तरी दार उघडल्याशिवाय पाणी येणार नाही, मग कंडक्टरला विचारून काय उपयोग? दाराशी कोण माणूस असतो, त्याचा पत्ता मिळेल का? त्याला पोस्टकार्ड टाकलं तर तो कळवेल का? मी हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते, कारण एवढी एक चौकशी मी केली असती तर पुढचं काहीच झालं नसतं.

आता त्या मार्चचं. इतका वेळ मी नदीच्या गप्पा मारत बसलो ते हे टाळण्यासाठीच, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. उन्हाळ्यात नदी उतरते, रोज थोडी थोडी, कुठे न थांबता. आलेखाच्या कागदावर तिची उतरती रेघ इतकी सरळ येते की डोळे मिटून काढावी. तुमच्या तक्त्यात अकरा दिवस काहीतरी भलतंच होतं. पातळी एकदम चार बोटं खाली, मग पाच बोटं वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. पाऊस कुठेही नव्हता, मी पावसाच्या वह्या पाहिल्या. आणि शेऱ्यात तुम्ही लिहिलं होतं : ‘वरून कोणी पाणी धरते व सोडते असे वाटते.’

मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही सगळे हसलो. धरण अजून अर्धं व्हायचं होतं. अर्धी भिंत नदी कशी अडवेल? आमच्या कचेरीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते : काही वाचक घाटावर जातच नाहीत, घरी बसून आकडे भरतात. मी ठरवलं, तुम्हीही आता त्यातलेच झालात. वय झालं, पायऱ्या उतरवत नसतील. मी लाल पेन्सिल घेतली, तेहतीसच्या तेहतीस आकड्यांवरून रेघ ओढली, शेऱ्यावरूनही ओढली, आणि माझ्या सरळ उतरत्या रेघेवरून वाचलेले आकडे त्यांच्या जागी लिहिले. बाजूला ‘नोंदी अविश्वसनीय’ असं लिहून सही केली. तुम्हाला कागद पाठवला, की यापुढे वाचन काळजीपूर्वक करावे. माझे आकडे वर्षाच्या छापील पुस्तकात गेले.

चाचा, घरी बसून आकडे भरणारा माणूस सरळ आकडे भरतो. त्याला पकडलं जायचं नसतं. कालच्यापेक्षा आज थोडं कमी, आजच्यापेक्षा उद्या थोडं कमी. वेडेवाकडे, वर-खाली जाणारे, कुणी विश्वास ठेवणार नाही असे आकडे फक्त तोच लिहितो जो घाटावर जाऊन पाहतो. एवढं साधं मला सुचलं नाही. इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर मी तुमच्यापेक्षा त्या रेघेवर विश्वास ठेवला.

पुढच्या खेपेला मी आलो तेव्हा तुम्ही नेहमीसारखा चहा पाजलात. वही दाखवलीत. मी निघताना पायरीवर थांबून एवढंच विचारलंत :

“सायब, नदी चुकली का मी?”

मी कचेरीतल्या आवाजात म्हणालो, “नदी कशी चुकेल, चाचा?”

“बराबर हाय,” तुम्ही म्हणालात. “धरन तुमचंच, पट्टी तुमचीच. वर कुनी धरलं असतं तर तुमास्नी ठावं असतंच की.”

त्यानंतर शेऱ्याचा रकाना कोरा यायला लागला. नीरेचं नाही, माणेचं नाही, कंडक्टर नाही, काही नाही. आठवड्यामागून आठवडे नुसते आकडे, नेटके. मला वाटलं, म्हातारा रुसला. आधी थोडं बरंही वाटलं, कारण तुमचे शेरे वाचण्यात माझा अर्धा बुधवार जायचा. मग करमेनासं झालं.

त्याच हिवाळ्यात आम्हाला धरणाचं काम पाहायला नेलं. तिथले एक इंजिनिअर हौसेने सगळं दाखवत होते. बोलता बोलता म्हणाले, मार्चात पात्रातल्या पायाचं काम होतं, तेव्हा आम्ही वरच्या बाजूला मातीचा बांध घालून नदी अडवत होतो. पाणी तुंबलं की बांध एका बाजूने फोडायचा, पाणी जाऊ द्यायचं, पुन्हा घालायचा. दहा-बारा दिवस हाच खेळ. मी तारखा विचारल्या. त्यांनी वही काढून सांगितल्या. त्यात उन्हाळ्यातलं संथ पाणी तुमच्या घाटापर्यंत पोचायचे चार दिवस मिळवले. सगळे जेवायला गेले, मी भिंतीवरच उभा राहिलो. तुम्ही लिहिलं होतं तसंच्या तसं, अक्षरशः. एकाच सरकारच्या दोन कचेऱ्या, आणि एकीचं दुसरीला ठाऊक नाही. तुम्हाला मात्र घाटावर बसून कळलं होतं.

सोलापूरला येऊन मी तो जुना तक्ता काढला. लाल रेघेखाली तुमचे आकडे स्पष्ट वाचता येत होते. तेव्हापासून कितीदा काढला असेल याची गणती नाही. लगेच तुम्हाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पुस्तक छापून गेलं होतं, चूक कबूल केली असती तर मोठ्या साहेबांपुढे माझी शोभा झाली असती, आणि तुमच्यापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं हे कळत नव्हतं. पुढच्या खेपेला सांगू, म्हटलं. पुढच्या खेपेला तुमच्या घरी जेवलो, चाचींनी ताटात आग्रहाने वाढलं, तुम्ही माझ्या मुलीचं नाव विचारलंत. मी पाण्याच्या पातळीबद्दल बोललो. त्यानंतरच्या खेपेलाही तेच. मला वाटायचं तुम्हाला राग आहे, आणि तो राग तुम्ही एकदा बोलून दाखवलात की मला सोपं जाईल. मी तुमच्या रागाची वाट पाहत होतो. काय माणूस मी!

तुम्ही गेल्याचं कळलं तो बुधवार संपायच्या आत मी मोठ्या साहेबांकडे अर्ज दिला, सगळं लिहून. त्यांनी वाचला, चष्मा काढला, म्हणाले, “छापलेल्या पुस्तकाला आता हात लावता येत नाही. शुद्धिपत्र निघालं तर पाहू.” मग जरा थांबून म्हणाले, “चार बोटांचा फरक, अहो. कुणाचं काय बिघडलं?” रविवारी तुमच्या गावाची गाडी धरली.

चाची ओसरीवर बसल्या होत्या. मी नेहमी जिथे बसतो तिथे बसलो. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हणालो, चाचांनी शेरे लिहायचं सोडलं, माझ्यावर रुसले होते ना? चाची माझ्याकडे बघतच राहिल्या.

“रुसले? तुमच्यावर? न्हाय हो, भाऊ. त्यांची नजर गेली हुती.”

“नजर?”

“तुमचा कागद आला न्हवं का, नीट वाचा म्हनून? त्या दिवसापास्नं त्यांनी ध्यासच घेतला. मेरी आँख गई, एवढंच बोलायचे. म्हनायचे, सायबानं लाल केलंय म्हंजी मला चुकीचं दिसतंय. सोलापुरास जाऊन दाखवून आले. डाक्टर म्हनला, डोळं चांगलं हायती. त्यांना पटंना. सरकारी कागद खोटा कसा, म्हनायचे.”

तुम्ही सोलापूरला आला होता, चाचा. माझ्या गावात. आणि माझ्या दारावरून परत गेलात.

चाची सांगत राहिल्या. त्यानंतर तुम्ही वरून वाचणं सोडलं. रोज तिन्ही वेळा शेवटची पायरी उतरून पाण्यात उभे राहायचात आणि पट्टीवरच्या खुणा बोटाने चाचपून मोजायचात. थंडीतही. कुणी वाटेने जात असलं तर त्याला थांबवून विचारायचात, बाबा, तुला कितवी दिसती? आणि तांब्या घरातच राहिला. चाचींनी एकदा विचारलं तर म्हणालात, ज्याला खूण दिसत न्हाय त्यानं पान्याचा रंग काय सांगावा.

मी चाचींना सगळं सांगितलं. बांध, चार दिवस, लाल पेन्सिल, धरणावरून आल्यापासून मी गप्प बसलो ते, सगळं. चाची पदर सावरून म्हणाल्या :

“ह्ये मला सांगून काय उपेग, भाऊ? त्यांना सांगा की.”

आणि हाताने कब्रस्तानाची वाट दाखवली.

दुपारचे तीन वाजले असतील. माती अजून ओलसर होती. मी चपला लांब काढून ठेवल्या. तुमच्यात फातिहा म्हणतात, ती मला येत नाही, आणि आमच्यातलं म्हणावं तर ते तुमच्यापाशी शोभणार नाही असं वाटलं. मला जे तोंडपाठ होतं तेच म्हणायला लागलो. पहिला दिवस, सकाळी आठ. पहिला दिवस, दुपारी बारा. पहिला दिवस, संध्याकाळी सहा. प्रत्येकाचा आकडा, तुम्ही लिहिला होतात तो. सातव्या दिवसाला अडखळलो, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून धरलं. पलीकडच्या वाटेने बैल घेऊन जाणारा एकजण थांबून बघत होता, बघू दे. तेहतीसही म्हणून झाले. मग खाली बसलो आणि म्हणालो, चाचा, तुमची नजर साफ होती.